शिंगाच्या दौतीतले शब्द

दरवर्षी महाविद्यालय सुरू झाले की पहिल्या पंधरवड्यातच प्रथम वर्षाचा एखादा विद्यार्थी आमच्या मराठी विभागाच्या दारात उभा राहतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "सर, इंग्लिशची व्होकॅब्युलरी वाढवायला कुठलं पुस्तक घेऊ?" हा प्रश्न मराठीच्या मास्तरांना का, असे आम्हांला प्रथम वाटत असे. पुढे उलगडा झाला. इंग्रजी विभागात विचारायचे तर तेही इंग्रजीतच विचारावे लागेल, अशी त्याची समजूत असते.

गेल्या वर्षी आलेल्या मुलाजवळ पुस्तक आधीच होते. नॉर्मन लुइसचे 'वर्ड पॉवर मेड ईझी', फूटपाथवर घेतलेले, पुसट छपाईचे. पहिली साठेक पाने पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली आणि त्यापुढची कोरी करकरीत. 'मिसॅन्थ्रोप' म्हणजे काय, असे विचारताच त्याने "मनुष्यजातीचा द्वेष करणारा" असे तत्काळ उत्तर दिले. 'मिसॉजिनिस्ट' आणि 'मिसॉगॅमिस्ट' यांतला फरकही चोख सांगितला. मग आम्ही टेबलावरचे त्या दिवशीचे इंग्रजी वर्तमानपत्र त्याच्यापुढे सरकवले. दुसऱ्याच वाक्यात 'पुट अप विथ' आले आणि तो थांबला. पुट म्हणजे ठेवणे, अप म्हणजे वर, विथ म्हणजे सह. तिन्ही शब्द त्याला येत होते. 'सहन करणे' हा अर्थ मात्र त्यांत कोठेच सापडत नव्हता.

यात हसण्यासारखे काही नाही. आमच्यापैकी एकाने पंचवीस वर्षांपूर्वी दोनशे पानी वहीत असेच शब्द उतरवून काढले होते, आणि ती वही आजही घरी माळ्यावर आहे. परंतु या प्रसंगाने एक प्रश्न डोक्यात घर करून बसला. कठीण शब्दांची यादी पाठ केली की भाषा वश होते, ही समजूत आली कोठून? तिला काही इतिहास आहे काय? आम्ही इंग्रजीचे अभ्यासक नव्हे. पण शोध घेता घेता सोळाव्या शतकातल्या इंग्लंडात जाऊन पोचलो, आणि तेथे जे दिसले ते मराठीच्या माणसाला फार ओळखीचे वाटले.

त्या काळी इंग्रजी ही काही विद्वानांची भाषा नव्हती. विद्या लॅटिनमध्ये होती, धर्म लॅटिनमध्ये होता, आणि 1066च्या नॉर्मन विजयानंतर काही शतके राजदरबार व न्यायालये फ्रेंचमध्ये चालली होती. इंग्रजी ही घरातली, शेतातली, बाजारातली भाषा. 1476 मध्ये कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना काढला, ग्रीक-लॅटिन ग्रंथांची भाषांतरे होऊ लागली, आणि विचार मांडायला इंग्रजीत शब्द पुरत नाहीत असे लेखकांच्या लक्षात आले. मग त्यांनी लॅटिनमधून शब्द उचलायला सुरुवात केली. गरजेपुरते उचलले, हौसेपोटी उचलले, आणि पुष्कळदा नुसते मिरवण्यासाठी उचलले. त्या काळी शाई ठेवायला शिंगाची दौत असे. जे शब्द तोंडातून न येता थेट या दौतीतून कागदावर उतरतात, ज्यांना लिहायला शाई फार लागते, त्या शब्दांना लोक 'इंकहॉर्न टर्म्स' म्हणू लागले. आम्ही त्यांना शिंगदौती शब्द म्हणतो.

1553 मध्ये टॉमस विल्सन याने वक्तृत्वशास्त्रावरील आपल्या ग्रंथात या शब्दांची यथेच्छ टर उडवली. त्यासाठी त्याने एक पत्रच रचून दिले आहे. लिंकनशायरमधला एक गृहस्थ रिकाम्या झालेल्या धर्मोपदेशकाच्या जागेवर आपली वर्णी लागावी म्हणून एका वजनदार माणसाला पत्र लिहितो, आणि त्यात लॅटिन शब्दांची अशी काही बरसात करतो की मूळ मागणी शोधून काढावी लागते. म्हणजे इंग्रजीतल्या शब्दावडंबराचा हा सर्वांत गाजलेला नमुना चक्क नोकरीचा अर्ज आहे! अर्जात भारी शब्द असले म्हणजे साहेबावर छाप पडते, हा समज निदान पावणेपाचशे वर्षांचा जुना आहे तर.

गंमत पुढेच आहे. विल्सनने हास्यास्पद म्हणून त्या पत्रात जे शब्द कोंबले, त्यांत 'सेलिब्रेट' आहे, 'कपॅसिटी' आहे, 'डेक्स्टेरिटी' आहे. आज आमच्या शेजारची आजी नातवाचा वाढदिवस 'सेलिब्रेट' करते. त्या शब्दाला कोणे एके काळी दौतीचा वास येत होता हे तिला सांगून पटायचे नाही. बेन जॉन्सनच्या 'पोएटास्टर' या 1601च्या नाटकात तर एका कवीला ओकारीचे औषध देतात आणि तो एकेक शब्द ओकून टाकतो. तो जॉन मार्स्टन या समकालीन कवीवरचा टोला होता. त्या ओकलेल्या शब्दांत 'रेट्रोग्रेड', 'रेसिप्रोकल', 'डिफंक्ट', 'स्ट्रेन्युअस' आहेत, आणि नवल म्हणजे 'क्लम्झी' आणि 'डॅम्प' हेही आहेत. थोडक्यात, कोणता शब्द जगेल आणि कोणता मरेल हे टर उडवणाऱ्याला कळत नसते. आमच्याकडे परिभाषा कोशांतल्या शब्दांची चेष्टा करणाऱ्यांनी, आणि त्यांत अधूनमधून आम्हीही असतो, हे ध्यानात ठेवलेले बरे.

उलट बाजूलाही माणसे होती. केंब्रिजचे ग्रीकचे प्राध्यापक सर जॉन चीक यांनी इंग्रजी निर्भेळ ठेवावी असा आग्रह धरला आणि मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचे भाषांतर करताना देशी शब्द घडवले. शंभर शिपायांवरच्या नायकाला 'सेंच्युरियन'ऐवजी 'हंड्रेडर', वेड्याला 'ल्युनॅटिक'ऐवजी 'मून्ड', पुनरुत्थानाला 'रेझरेक्शन'ऐवजी 'गेनरायझिंग'. यांतला एकही टिकला नाही. येथे मराठी वाचकाला 'महापौर', 'दिनांक' घडवणारे सावरकर, माधवराव पटवर्धन आणि त्यांची भाषाशुद्धीची चळवळ आठवल्यावाचून राहणार नाही, किंवा त्याही मागे जाऊन शिवकालातला राज्यव्यवहारकोश. पण हे साम्य वरवरचे आहे. चीकच्या लेखी शुद्ध भाषा म्हणजे शेतकऱ्याला कळणारी, घरगुती. लॅटिन काढायचे ते ती उतरंड मोडण्यासाठी. आमच्याकडे फार्सी आणि इंग्रजी काढून त्या जागी जे आणले ते बहुशः संस्कृत, म्हणजे आमचे लॅटिनच. तिकडे शुद्धी उतरत गेली, इकडे चढत गेली. या फरकाचा आमच्या अभ्यासकांनी पुरेसा विचार केलेला नाही असे आम्हांला वाटते. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय.

आता मुख्य मुद्द्याकडे. शब्द तर भाषेत शिरले. ते ज्यांना येत नव्हते त्यांचे काय झाले? लॅटिन शिकवणाऱ्या ग्रामर स्कूलमध्ये मुलगे जात. मुलींना तेथे प्रवेश नव्हता, आणि गरिबांचे बहुतेक मुलगे तेथवर पोचत नसत. लॅटिन येणाऱ्याला नवा शब्द दिसला की त्याचा अर्थ आपोआप उलगडे. न येणाऱ्याला ती भिंत. मराठीत अशी भिंत आहे, पण तिला झरोके आहेत. दात आणि दंत, हात आणि हस्त, कान आणि कर्ण, पान आणि पर्ण: अशिक्षित माणसालाही 'दंतवैद्य' ऐकून दातांचा अदमास लागतो. इंग्रजीत 'टूथ'वरून 'डेंटल'कडे जायला वाट नाही. 'मून'वरून 'ल्युनर' कळत नाही, 'माउथ'वरून 'ओरल' कळत नाही. नाते असलेच तर ते इतके दूरचे की भाषाशास्त्रज्ञालाच ठाऊक. डेव्हिड कॉर्सन या अभ्यासकाने 1985 मध्ये या अडथळ्याला 'लेक्सिकल बार' असे नाव देऊन तो श्रमिकांच्या मुलांना शाळेत कसा आडवा येतो याची चर्चा केली. पण अडथळा सोळाव्या शतकापासूनचा आहे.

या भिंतीपाशी 1604 मध्ये रॉबर्ट कॉड्री नावाचा एक शाळामास्तर शिडी घेऊन आला. प्युरिटन मतांपायी त्याची धर्मोपदेशकाची जागा गेली होती. 'अ टेबल अल्फाबेटिकल' हे त्याचे पुस्तक इंग्रजीतला पहिला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश मानतात. सुमारे अडीच हजार शब्द, आणि प्रत्येकापुढे दोनचार शब्दांत अर्थ. कोश म्हटला की सगळे शब्द असावेत ही आपली आजची अपेक्षा. कॉड्रीच्या पुस्तकात कुत्रा, घर, पाणी यांपैकी काही नाही. त्यात फक्त 'हार्ड यूज्युअल' शब्द आहेत, म्हणजे कठीण पण कानावर पडणारे. ही दोन विशेषणे एकत्र आली आहेत हे महत्त्वाचे. दुर्मीळ शब्द त्याला नको होते. प्रवचनात, धर्मग्रंथात, पुस्तकात जे रोज येतात आणि तरी कळत नाहीत, ते हवे होते. पुस्तक कोणासाठी, हे मुखपृष्ठावरच सांगितले आहे: स्त्रियांसाठी आणि ज्यांना विद्येची संधी मिळाली नाही अशा इतरांसाठी. वर्णानुक्रमाने शब्द कसा शोधावा हेही तो प्रस्तावनेत समजावून सांगतो. 'ए'ने सुरू होणारा शब्द पुस्तकाच्या आरंभी पाहा, 'व्ही'चा असेल तर शेवटाकडे पाहा! हे वाचून आम्हांला प्रथम हसू आले आणि मग जरा ओशाळल्यासारखे झाले. ज्याने आयुष्यात कोश हाताळलेला नाही अशा वाचकाचा इतका विचार करणारी प्रस्तावना आमच्या पाहण्यात दुसरी नाही.

कॉड्रीचा प्रामाणिकपणा मात्र बेताचा होता. शिंगदौती शब्दांविरुद्ध त्याने प्रस्तावनेत जे लिहिले ते विल्सनच्या ग्रंथातून जवळजवळ जसेच्या तसे उचललेले, आणि शब्दांपैकी पुष्कळसे एडमंड कूट या मास्तराच्या 1596च्या शालेय पुस्तकातून घेतलेले. गाईडे काढणाऱ्या आमच्या काही सहकाऱ्यांना हा पूर्वज पसंत पडावा. त्या पहिल्या आवृत्तीची एकच प्रत आज शिल्लक आहे, ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात.

कॉड्रीनंतर एकोणीस वर्षांनी, 1623 मध्ये, हेन्री कॉकरमचा कोश निघाला, आणि आमच्या मते सगळी दिशा तेथे बदलली. त्याचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात नेहमीप्रमाणे कठीण शब्द आणि त्यांचे अर्थ. तिसऱ्यात देवदेवता, पशुपक्षी वगैरे माहिती. खरी गोष्ट दुसऱ्या भागात आहे: तेथे साधे, 'गावंढळ' शब्द डावीकडे दिले आहेत आणि त्यांच्याऐवजी वापरायचे भारदस्त शब्द उजवीकडे. म्हणजे आपल्याला जे म्हणायचे ते साध्या इंग्रजीत ठरवावे, मग हा भाग उघडावा आणि एकेक शब्द काढून त्या जागी वजनदार शब्द बसवावा. कॉड्रीची यादी दुसऱ्याचे बोलणे कळावे म्हणून होती. कॉकरमची यादी दुसऱ्याने आपल्याला मानावे म्हणून आहे. एक कानासाठी, एक तोंडासाठी. पुढची चारशे वर्षे या दोन याद्या एकमेकींत मिसळत राहिल्या, आणि आमच्या दारात उभा असलेला मुलगा पहिली हवी असताना दुसरी विकत घेऊन आला होता.

तोंडाच्या यादीची शिक्षा काय असते हे इंग्रजी रंगभूमीने वेळोवेळी दाखवले आहे. शेक्सपिअरचा डॉगबेरी हा गस्तवाला भारी शब्द हटकून चुकीच्या जागी वापरतो. 1775च्या 'द रायव्हल्स'मध्ये शेरिडनने मिसेस मॅलाप्रॉप निर्माण केली, आणि शब्दांच्या अशा गफलतीला तिचेच नाव कायमचे चिकटले. प्रेक्षक तिला खदखदा हसत आले आहेत. आम्हीही हसलो आहोत, पण अलीकडे ते हसू पूर्वीसारखे मोकळे उरलेले नाही. तिच्या पिढीतल्या मुलींना लॅटिनची शाळा बंद होती. दार बंद करायचे, खिडकीतून कोणी यादी आत टाकली तर टाकू द्यायची, आणि ती यादी वाचून कोणी बाहेर बोलायला आले की हसायचे! वर्गात चुकीचे इंग्रजी बोलणाऱ्या मुलीला मागच्या बाकांवरून जे हसू येते ते याच जातीचे असते. तिने पुढे तीन वर्षे तोंड उघडलेले नसते, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

कठीण शब्दांची ही सद्दी कोशांपुरती मोडू लागली ती अठराव्या शतकात, आणि सॅम्युएल जॉन्सनच्या 1755च्या कोशाने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. जवळजवळ 43 हजार शब्दांचा हा कोश. पण जॉन्सनचा खरा पराक्रम आम्हांला लहान शब्दांत दिसतो. 'टेक' या चार अक्षरांच्या क्रियापदाचे त्याने 134 अर्थ दिले आहेत. घेणे, नेणे, पकडणे, मानणे, सोसणे, लागणे: पानेच्या पाने एकच शब्द चालला आहे. भाषेचे ओझे कोणत्या खांबांवर आहे हे ज्याला कळले तोच हे करू शकतो. त्याच जॉन्सनने 'नेटवर्क' म्हणजे जाळे या शब्दाची व्याख्या अशा लॅटिन शब्दांत केली की ती समजायला आणखी तीन शब्द पाहावे लागावेत. ती व्याख्या आजही विनोद म्हणून सांगितली जाते. माणूस एकाच वेळी दोन्हीकडे असू शकतो.

जॉन्सन मराठीला परका नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी वडिलांनी सुरू केलेले 'रासेलस'चे भाषांतर पुरे केले आणि 'निबंधमाले'त डॉक्टर जॉन्सनवर विस्ताराने लिहिले. मालेतल्या त्या लांब, तोलून धरलेल्या वाक्यांत जॉन्सन आणि मेकॉले यांचा सूर ऐकू येतो, हे आपण वर्गात शिकवतोच. शिकवत नाही ते हे की मराठी गद्याच्या त्या वळणाने आमचे 'जड शब्द' प्रतिष्ठित केले. त्याच्याआधीचा मोल्सवर्थ आठवून पाहावा. 1831 आणि 1857 अशा दोन आवृत्त्यांतून त्याने जो मराठी-इंग्रजी कोश उभा केला, त्यात कुणब्याच्या अवजारांपासून बायकांच्या बोलण्यातल्या लकबींपर्यंत सारे आहे. नव्या सत्तेच्या साहेबाला रयतेचे बोलणे कळायला हवे होते, म्हणून तो कानाचा कोश झाला. आम्हांला मात्र साहेबासमोर बोलायचे होते. त्यामुळे आमच्या वाट्याला तोंडाची यादी आली, हा इतिहासाचा भाग झाला.

विसाव्या शतकात ही यादी अमेरिकेत पोचली आणि तिला पगाराचे आकडे चिकटले. जॉन्सन ओकॉनर या गृहस्थाने 1922 पासून जनरल इलेक्ट्रिक कंपनीत कामगारांच्या कलचाचण्या घेतल्या, पुढे स्वतःची प्रयोगशाळा काढली, आणि 1934 मध्ये एका लेखातून जाहीर केले की मोठ्या हुद्द्यावरच्या माणसांचा शब्दसंग्रह मोठा असतो. आता, मोठ्या हुद्द्यावरची माणसे बहुधा चांगल्या शाळांत शिकलेली असतात, त्यांच्या घरी पुस्तके असतात, वाचायला सवड असते. शब्द हे कारण की परिणाम? हा प्रश्न बाजाराला परवडणारा नव्हता. 1942 मध्ये विल्फ्रेड फंक आणि नॉर्मन लुइस यांनी तीस दिवसांत प्रभावी शब्दसंग्रह करून देणारे पुस्तक काढले. 1945 पासून फंकचे शब्दांचे कोडे 'रीडर्स डायजेस्ट'मध्ये येऊ लागले, त्याच्या शीर्षकातच शब्द वाढवणे फायद्याचे असल्याचे म्हटले होते. आणि 1949 मध्ये लुइसचे एकट्याचे 'वर्ड पॉवर मेड ईझी' आले.

लुइसवर आम्ही अन्याय करू इच्छित नाही. तो शिक्षक म्हणून पक्का होता. सुटे शब्द न देता तो ग्रीक-लॅटिन धातू देतो आणि त्यांवर शब्द रचून दाखवतो. संस्कृत जाणणाऱ्या मराठी माणसाला हे फार भावते, कारण उपसर्ग, धातू, प्रत्यय ही आमची घरची रीत आहे. 'पेड' पाहिला की पाद आठवतो, 'डेंट' पाहिला की दंत, 'मॉर्ट' पाहिला की मृत, 'नोव्ह' पाहिला की नव. 1786 मध्ये विल्यम जोन्सने कलकत्त्यात ज्या नात्याकडे बोट दाखवले ते नातेच येथे हाताशी येते. आमच्यापैकी एकाला इंग्रजीची भीती सुटली ती या पुस्तकामुळे, हेही कबूल केले पाहिजे. पण लुइसचा वाचक अमेरिकन होता. 'पुट अप विथ' त्याने आईच्या मांडीवर बसून शिकलेले होते. खालचा मजला बांधलेला होता. लुइसने वरचा बांधून दिला. आमचा मुलगा थेट वरच्या मजल्याच्या विटा वाहत होता.

खालच्या मजल्याचा विचार ज्याने केला तो माणूस आम्हांला ना लंडनमध्ये भेटला, ना न्यूयॉर्कमध्ये. तो ढाक्यात भेटला. मायकेल वेस्ट 1912 मध्ये हिंदुस्थानच्या शिक्षणखात्यात रुजू झाला आणि पुढे ढाक्याच्या अध्यापक प्रशिक्षण महाविद्यालयाचा प्राचार्य झाला. बंगालमधली मुले वर्षानुवर्षे इंग्रजी शिकतात आणि मधेच शाळा सोडतात, तेव्हा त्यांच्या हाती काय उरते, असा प्रश्न त्याने विचारला. 1926च्या 'बायलिंग्विझम' या ग्रंथात त्यासाठी त्याने विम्याच्या व्यवहारातला शब्द योजला: 'सरेंडर व्हॅल्यू'. विम्याचे हप्ते मधेच थांबवले तर जी रक्कम परत मिळते ती. चार वर्षे इंग्रजी शिकून शाळा सुटलेल्या मुलाची सरेंडर व्हॅल्यू किती? वेस्टचे उत्तर होते, जवळजवळ शून्य. व्याकरणाचे नियम अर्धे, उच्चार अर्धे, आणि एक पानही स्वतः वाचता येत नाही. म्हणून शिक्षणाचा क्रम असा हवा की ज्या दिवशी मूल शाळा सोडील त्या दिवसापर्यंतचे त्याला वापरता यावे, आणि असे लवकरात लवकर वापरता येण्याजोगे कौशल्य म्हणजे वाचन.

मग त्याने वाचनमाला तयार केली. त्याच्या आधीच्या पुस्तकांत नवे शब्द इतके दाटीने येत की मुलाला वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरे. वेस्टने नव्या शब्दांमध्ये अंतर ठेवले आणि एकदा आलेला शब्द पुन्हा पुन्हा येईल अशी व्यवस्था केली. अमेरिकेतल्या एडवर्ड थॉर्नडाइकने 1921 मध्ये कोणते दहा हजार शब्द किती वेळा वापरले जातात याची यादी छापली होती. तिच्या आधाराने वेस्टने जुनाट, पोशाखी शब्द काढून त्या जागी चलनी शब्द बसवले. 'आइल' गेला, 'आयलंड' आला. 'बिहोल्ड' गेला, 'सी' आला. हे कॉकरमच्या दुसऱ्या भागाच्या नेमके उलटे झाले, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आलेच असेल. 1935 मध्ये त्याने एका सहकाऱ्यासह जो कोश केला त्यात चोवीस हजारांच्या आसपास शब्द आणि वाक्प्रचार केवळ 1490 शब्दांच्या मदतीने समजावून दिले आहेत. जॉन्सनच्या जाळ्याला दिलेले हे उत्तर समजावे. 1953 मध्ये त्याने सुमारे दोन हजार शब्दांची जी यादी प्रसिद्ध केली, ती इंग्रजीच्या साध्या मजकुराचा जवळपास ऐंशी टक्के भाग व्यापते.

वेस्टवर टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती. गुलाम देशातल्या मुलांनी इंग्रजी वाचावे, बोलण्याच्या फंदात पडू नये, यात राज्यकर्त्यांची सोय नव्हती काय? ज्याने फक्त वाचायचे त्याने ऐकूनच घ्यायचे. आम्हीही या शंकेतून पूर्ण बाहेर आलो आहोत असे नाही. पण मातृभाषेची जागा इंग्रजीने घेऊ नये हेही तोच सांगत होता, आणि शाळा सोडणाऱ्या मुलाकडे इतक्या हिशेबी कळवळ्याने पाहणारा दुसरा इंग्रज शिक्षणाधिकारी आमच्या वाचनात नाही. त्याचे नाव आमच्या बी.एड.च्या पुस्तकांत एखाद्या ओळीत येते आणि जाते.

दोन हजार शब्दांवर कोणी प्रगत वाचक होत नाही, हेही तितकेच खरे. न्यूझीलंडच्या पॉल नेशन यांनी 2006 मध्ये हिशेब मांडला की कादंबरी किंवा वर्तमानपत्र कोणाच्या मदतीशिवाय वाचायचे तर आठ ते नऊ हजार शब्दकुळे ठाऊक असावी लागतात. त्याआधी 2000 मध्ये तेथल्याच ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी विद्यापीठीय लेखनातून 570 शब्दकुळांची यादी काढली: 'अ‍ॅनलाइझ', 'कन्सेप्ट', 'कॉन्टेक्स्ट', 'डिराइव्ह' या जातीचे शब्द, जे शास्त्राच्या पुस्तकात आणि इतिहासाच्या पुस्तकात सारखेच भेटतात. विल्सनच्या वंशजांना हे शिंगदौतीच वाटले असते. पण निवड पाहावी तर ती कॉड्रीची आहे: कठीण, पण नेहमीचे.

याच काळात आमच्या पुण्यामुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुले मात्र बॅरन्सच्या पुस्तकातले साडेतीन हजार शब्द पाठ करत होती. जीआरई परीक्षेत विरुद्धार्थी शब्द विचारत, संदर्भावाचून, एकटा शब्द आणि खाली पाच पर्याय. मुले एसटीत, मेसमध्ये, वसतिगृहाच्या गच्चीवर चिठ्ठ्या घेऊन बसत. ऑगस्ट 2011 मध्ये परीक्षेतून हा प्रश्नप्रकार गेला. एसएटी परीक्षेनेही 2016 मध्ये दुर्मीळ शब्दांचे प्रश्न सोडून दिले. ज्या परीक्षांसाठी ही पाठांतराची फौज उभी होती, त्यांनीच मैदान सोडले. आमच्याकडील स्पर्धा परीक्षांच्या वर्गांत चिठ्ठ्या अजून चालू आहेत.

त्या मुलाला आम्ही लुइस टाकून दे असे म्हटले नाही. दोन गोष्टी दिल्या. ग्रंथालयातून सोप्या इंग्रजीत लिहिलेली एक लहान कादंबरी, ज्या मालिकांचा धागा थेट वेस्टच्या वाचनमालेपर्यंत जातो. आणि एक विद्यार्थी-कोश, जो 'पुट'पाशी उघडून त्याच्यापुढे ठेवला. तो बराच वेळ उभ्याउभ्याच वाचत होता. मग म्हणाला, "सर, हा एकच शब्द दोन पानं आहे." कादंबरी त्याने आठ दिवसांत परत आणली आणि तिच्याच मालिकेतली पुढची नेली. कोश अजून त्याच्याकडेच आहे. ग्रंथपालांची दोन स्मरणपत्रे आमच्या नावाने आली आहेत.